वडिलांच्या टाचेवरचा मेलॅनोमा: आधी ऑपरेशन की आधी इंजेक्शन?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. अप्पांचं वय ६१, रावेर तालुक्यात केळीची शेती, दहा वर्षांपासून शुगर. डाव्या टाचेवर दीड वर्ष काळा डाग होता. कुरूप समजून त्यावर बिब्बा लावला, मग तालुक्याच्या डॉक्टरांनी तो काढला आणि तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: अ‍ॅक्रल मेलॅनोमा (तळपाय-तळहातावर होणारा कातडीचा कॅन्सर), ब्रेस्लो जाडी (तो कातडीत किती खोल उतरलाय) ३.२ मिलिमीटर, अल्सरेशन आहे, एका कडेला पेशी शिल्लक. आता एक डॉक्टर म्हणतात, पुन्हा मोठं कापू आणि जांघेतली गाठ (लसिका ग्रंथी) तपासू. दुसरे म्हणतात, पाय घोट्यावरून काढा. तिसऱ्यांनी वर्षभर इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी इंजेक्शनं, सांगितली, एका डोसला दीड-दोन लाख. घरचे म्हणतात, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो, आता हात लावू नका. आणि तुम्ही विचारताय, एक एकर विकून इंजेक्शन सुरू करू का?

जमिनीचा विचार आज बाजूला ठेवा, हे माझं पहिलं सांगणं. तुमच्या घरात वाद ‘ऑपरेशन की इंजेक्शन’ असा चाललाय. पण अप्पांचा आजार कुठपर्यंत गेलाय हेच अजून कुणी मोजलेलं नाही. तो फक्त टाचेत असेल तर एक रस्ता, जांघेत हाताला लागणारी गाठ असेल तर दुसरा, फुप्फुसात किंवा यकृतात गेला असेल तर तिसरा. तीन डॉक्टरांची तीन मतं पडली, कारण बहुधा प्रत्येकाने मनात वेगळी स्टेज धरली.

मी जळगाव-धुळे भागात बावीस वर्षं कॅन्सरची ऑपरेशनं करतोय. अप्पांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या पायाची रक्ताभिसरणाची स्थिती, शुगर, हृदय यावर बरंच अवलंबून आहे हे धरूनच पुढचं वाचा.

हा आजार आपल्याकडे ओळखायला उशीर का होतो, ते आधी सांगतो. पुस्तकातला मेलॅनोमा गोऱ्या लोकांच्या पाठीवर, पिंडऱ्यांवर, उन्हाने होतो. आपल्याकडे तो बहुतेक करून तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो. याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. आणि तळपाय ही शेतकऱ्याच्या अंगावरची सगळ्यात दुर्लक्षित जागा. केळीच्या बागेत चीक लागून हातपाय तसेही काळे पडलेले असतात, वरून काळी माती. पेशंट आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “काटा मोडेल शे, डॉक्टर.” माझ्या सुरुवातीच्या काळात चोपड्याकडच्या एका बाईंच्या टाचेवरचा काळसर घट्टा मी स्वतः कुरूप म्हणून तासला होता. चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा डाग रुपयाएवढा झाला होता. ती चूक माझी होती. तेव्हापासून तळपायाचा प्रत्येक काळा डाग मी भिंगाखाली बघतो.

भिंगाखाली काय दिसतं, ते शेतकऱ्याला चटकन कळेल असं आहे. तळपायाच्या कातडीवर बारीक रेघा असतात, अगदी सरी-वरंब्यासारख्या. साधा तीळ असेल तर रंग बहुधा सरीत साचलेला असतो. मेलॅनोमा असेल तर रंग वरंब्यावर चढलेला दिसतो आणि कडेला ओल्या कापडावर शाई फुटावी तसा पसरतो. कुरूप तासलं की आत काचेसारखा पारदर्शक कण लागतो. चामखीळ तासली की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके येतात. ठेच लागून रक्त साकळलं असेल तर ते खरवडून निघतं. मेलॅनोमाचा रंग खरवडून निघत नाही. मात्र काही मेलॅनोमा काळे नसतातच, गुलाबी मांसासारखे असतात आणि बरी न होणारी जखम म्हणून महिनोन् महिने ड्रेसिंगवर राहतात. शुगरच्या पेशंटमध्ये तर हमखास.

तुमच्या डॉक्टरांनी एक फार मोलाची गोष्ट केली, काढलेला तुकडा तपासायला पाठवला. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांचा तुकडा मशीनने जाळलेला असतो किंवा बादलीत टाकलेला असतो. मग जाडी कळायला मार्ग उरत नाही.

आता रिपोर्टमधल्या त्या आकड्याकडे येऊ. ब्रेस्लो नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवून दिलं की मेलॅनोमा किती रुंद पसरलाय यापेक्षा तो कातडीत किती खोल उतरलाय यावर पेशंटचं भवितव्य जास्त ठरतं. म्हणून मिलिमीटर मोजतात. १ मिलिमीटरपर्यंत पातळ, ४ च्या वर जाड. अप्पांचा ३.२, म्हणजे मध्यम ते जाड, आणि वर अल्सरेशन, म्हणजे डागावरची कातडी फुटलेली. हे दोन्ही मिळून तो टी-३-बी होतो. गाठींत काही नसेल तर स्टेज दोन-बी. गाठींत पेशी सापडल्या तर तोच माणूस एकदम तीन-सी मध्ये जातो. या दोन स्टेजमधलं अंतर फार मोठं आहे, आणि ते जांघेतल्या एका गाठीवर ठरतं.

म्हणून पहिलं काम अगदी साधं. सर्जनने अप्पांना झोपवून जांघ आणि गुडघ्याची मागची लवण बोटांनी नीट चाचपावी, सोबत सोनोग्राफी करावी. गुडघ्यामागचं मुद्दाम सांगतो, कारण टाचेच्या बाहेरच्या बाजूचा रस (लसिका) काही वेळा आधी तिथल्या गाठींत जातो आणि तिथे कुणी हातच लावत नाही. या जाडीला ऑपरेशनआधी पेट-सीटी, म्हणजे आजार अंगात कुठे पसरलाय ते दाखवणारं स्कॅन, करून घेणं मला योग्य वाटतं. दूरवर पसरलं असेल तर टाचेवर मोठी कापाकापी करण्यात अर्थ नसतो.

समजा हाताला किंवा सोनोग्राफीत काही संशयास्पद लागलं नाही. मग रस्ता ऑपरेशनचा, आणि तोही शक्यतो पुढच्या तीन-चार आठवड्यांत. पूर्वीच्या जखमेच्या खुणेभोवती चारी बाजूंनी २ सेंटिमीटर चांगली कातडी घेऊन, खाली स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत सगळं काढायचं. हे २ सेंटिमीटर मनाने ठरवलेलं नाही. १ मिलिमीटरपर्यंतच्या मेलॅनोमाला १ सेंटिमीटर पुरतो, २ मिलिमीटरच्या पुढे २ सेंटिमीटर. याहून जास्त कापून आयुष्य वाढत नाही, हे मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे.

त्याच टेबलावर, त्याच भुलीत, सेंटिनल गाठीची तपासणी करायची. टाचेत निळा रंग आणि किंचित किरणोत्सारी औषध टोचतात. ते ज्या गाठीत सर्वांत आधी पोचतं ती गाठ छोट्या यंत्राने शोधून काढतात. ही पहिली गाठ स्वच्छ असेल तर पुढच्या सहसा स्वच्छ असतात. मॉर्टन यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली. दोन्ही कामं एकत्र करण्यावर माझा जोर आहे. आधी टाच मोठी कापून फ्लॅप, म्हणजे शेजारची कातडी, फिरवला की रसाच्या वाटा बदलतात, नंतर ती पहिली गाठ भरवशाने सापडत नाही. मागच्या वर्षी एका रुग्णालयातून असाच एक पेशंट आला. टाचेचं काम उत्तम झालेलं, गाठीचा विचारच केलेला नव्हता. त्याच्या बाबतीत आता दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करत बसण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. तेव्हा ऑपरेशन ठरवण्याआधी सरळ विचारा, “सेंटिनल गाठीची सोय इथे आहे का?” नसेल तर जिथे आहे तिथे जा. परळचं टाटा मेमोरियल आहेच, भुसावळहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई.

सेंटिनल गाठीत पेशी सापडल्या तर पूर्वी जांघेतल्या सगळ्या गाठी काढायचो. पाय सुजायचा, हत्तीपायासारखा, आणि शेतकऱ्याचं चालणंच बंद व्हायचं. २०१७ मध्ये एका मोठ्या अभ्यासातून स्पष्ट झालं की लगेच सगळ्या गाठी काढल्याने मेलॅनोमामुळे होणारे मृत्यू कमी होत नाहीत. बारकाईने सोनोग्राफी करत राहिलं तरी चालतं. माझ्या बावीस वर्षांत पेशंटच्या पायासाठी इतकी चांगली बातमी दुसरी आली नाही.

टाचेचा खड्डा कसा भरायचा? अप्पांना पुन्हा बांधावर उभं राहायचंय, म्हणून हे महत्त्वाचं. तळपायाच्या कमानीची कातडी जमिनीला टेकत नाही, पण जात तीच, जाड आणि टिकाऊ. ती तिच्या रक्तवाहिनीसह आणि नसेसह फिरवून टाचेवर आणतात, आणि कमानीवर मांडीची पातळ कातडी लावतात. टाचेला संवेदना राहते, खडा टोचलेला कळतो. शुगरच्या माणसाला हे किती लागतं ते तुम्हाला सांगायला नको. पण त्यासाठी पायाचा रक्तपुरवठा चांगला हवा. ऑपरेशनआधी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करा आणि तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, बघा. नंतर काही आठवडे टाचेवर भार देता येणार नाही. केळी कापणीच्या हंगामात ते सोपं नाही, तेव्हा माणसाची सोय आधीच करून ठेवा.

आणि पाय कापायचा का? तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टवरून मला तसं कारण दिसत नाही. नखाखालच्या मेलॅनोमात बोटाचा पुढचा भाग काढावा लागतो. आजार हाडात शिरला असेल किंवा पाय सडून वाचण्यापलीकडे गेला असेल तर पाय काढतो. पण टाचेवर ३.२ मिलिमीटरचा मेलॅनोमा आहे म्हणून घोट्यावरून पाय काढल्याने माणूस जास्त जगत नाही. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांना कारण विचारा. रक्तपुरवठा अगदीच खराब असेल तर त्यांचं म्हणणं वेगळ्या अर्थाने बरोबर असू शकतं.

आता समजा जांघेत गाठ हाताला लागली आणि सुईने तपासल्यावर त्यात मेलॅनोमा निघाला. इथे तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं वजनदार होतं. पाच वर्षांपूर्वी मी आधी ऑपरेशनच सांगितलं असतं. २०२३ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनचा एक अभ्यास आला. औषध तेच, एकूण डोस तेवढेच. फक्त एका गटाला तीन डोस ऑपरेशनच्या आधी दिले, दुसऱ्याला सगळे नंतर. दोन वर्षांनी आधी औषध घेतलेल्यांत ७२ टक्के लोक आजार परतल्या-बळावल्याशिवाय होते, नंतर घेतलेल्यांत ४९ टक्के. कारण असं समजलं जातं की गाठ शरीरात असतानाच प्रतिकारशक्तीच्या पेशींना शत्रू नीट ओळखता येतो, त्यांची फौज तयार होते. गाठ काढल्यावर ओळख पटवायला फारसं काही उरत नाही. म्हणून हाताला लागणारी गाठ असेल तर ऑपरेशनआधी औषधाच्या डॉक्टरांना भेटायलाच हवं.

हे औषध करतं काय? कॅन्सर आपल्या पांढऱ्या पेशींचा ब्रेक दाबून धरतो. हे इंजेक्शन तो ब्रेक सोडवतं. या ब्रेकच्या शोधाबद्दल अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. मी शिकत होतो तेव्हा पसरलेल्या मेलॅनोमाला डकार्बाझिन ही केमोथेरपी द्यायचो आणि मनातून माहीत असायचं की बहुतेकांना उपयोग होणार नाही. आता इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही ब्रेक सोडवणारी दोन औषधं एकत्र दिलेल्या पसरलेल्या आजारातल्या पेशंटपैकी ४३ टक्के दहा वर्षांनी हयात आहेत. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो पुन्हा तपासला होता.

पण तुम्हाला हा आकडा दाखवून कुणी घाई करत असेल तर थांबा. तो मुख्यतः गोऱ्या लोकांच्या, उन्हाशी जोडलेल्या मेलॅनोमाचा आहे. तळपायाच्या मेलॅनोमात जनुकीय बदल कमी असतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीला तो परका कमी वाटतो आणि या औषधांना त्याचा प्रतिसाद कमी मिळतो. शून्य नाही, कमी. अप्पांच्या गाठी स्वच्छ निघाल्या आणि स्टेज दोन-बी राहिली, तर वर्षभराच्या इंजेक्शनने आजार परतण्याची शक्यता कमी होते हे दिसलंय, पण आयुष्य वाढतं असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. अशा स्थितीत एक एकर विकून इंजेक्शन घ्या असं मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगणार नाही. गाठीत आजार निघाला तर मात्र माझा कौल औषधाकडे झुकतो, आणि पैसे उभे करायचे मार्ग आपण शोधतो.

गोळ्यांचाही एक रस्ता आहे. जपून ठेवलेल्या तुकड्यावर बीरॅफ आणि किट या जनुकांची तपासणी करा. बीरॅफमध्ये ठरावीक बदल असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्या वर्षभर देता येतात. तळपायाच्या मेलॅनोमात हा बदल थोड्यांनाच असतो. किटमध्ये बदल असेल आणि आजार पसरलेला असेल, तर इमॅटिनिब काहींना लागू पडतं. ते रक्ताच्या कॅन्सरवर वापरतात, त्यामुळे आपल्याकडे सहज मिळतं आणि तुलनेने स्वस्त आहे.

कमी डोसच्या निवोलुमॅबबद्दल तुमच्या कानावर आलं असेल. टाटाच्या डॉक्टरांनी २० मिलिग्रॅमच्या डोसवर अभ्यास केला आणि फायदा दाखवला, पण तो तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरमध्ये. मेलॅनोमाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. पैसे अजिबातच नसतील तर काही डॉक्टर तो विचारात घेतात, पण ते तुमच्याशी स्पष्ट बोलून.

इम्युनोथेरपी सुरू झालीच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रेक सुटलेल्या पेशी स्वतःच्या अंगावरही उलटतात. आतडं, यकृत, फुप्फुस, थायरॉईड, कशावरही. नंदुरबारकडच्या माझ्या एका पेशंटला चौथ्या डोसनंतर दिवसाला आठ-दहा जुलाब होऊ लागले. गावात आठ दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक चाललं, कारण तिथल्या डॉक्टरांना त्याच्या इंजेक्शनची माहितीच नव्हती. आमच्याकडे आला तेव्हा डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. स्टिरॉइड सुरू केल्यावर चार दिवसांत जुलाब आटोक्यात आले. तेव्हापासून मी औषधाचं नाव आणि फोन नंबर एका जाड कागदावर लिहून देतो आणि सांगतो, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की हा आधी दाखवा. स्टिरॉइडने अप्पांची शुगर वाढेल, त्याचीही तयारी हवी. आणि सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीची चौकशी, काविळीच्या बी-सीच्या तपासण्या आपल्या भागात सोडू नका.

घरच्यांच्या भीतीबद्दल. ‘हत्यार लागलं की पसरतो’ हे मी रोज ऐकतो आणि त्यांच्यावर रागावत नाही. त्यांनी गावात तसं पाहिलेलं असतं. कुणाचं तरी ऑपरेशन झालं आणि सहा महिन्यांत माणूस गेला. पण त्या माणसाचा आजार बहुधा ऑपरेशनच्या आधीच आत पोचलेला होता, दिसला नंतर. मात्र अर्धवट काढणं, बिब्ब्याने जाळणं, कडेला पेशी ठेवून जखम शिवणं, यात खरा धोका आहे. अप्पांच्या टाचेत आत्ता तशाच पेशी शिल्लक आहेत. हे घरच्यांना असंच समजावा. ऐकत नसतील तर सगळ्यांना घेऊन सर्जनकडे जा आणि त्यांच्याकडून वदवून घ्या.

तर आत्तापर्यंतचा क्रम असा: गाठी चाचपणं, सोनोग्राफी आणि पेट-सीटी. गाठ नसेल तर २ सेंटिमीटरचं ऑपरेशन आणि सेंटिनल एकत्र. गाठ लागली तर सुईची तपासणी आणि आधी औषधाचा विचार. पसरलं असेल तर मुख्य उपचार औषधाचाच.

पैशाचं बोलू. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि कॅन्सरची ऑपरेशनं त्यात बसतात. महागडं इंजेक्शन बसेलच असं धरू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला औषधाच्या नावानिशी विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज करता येतो, औषध कंपन्यांच्या काही डोस मोफत देण्याच्या योजनाही असतात, मोठ्या केंद्रातल्या समाजसेवा विभागाला त्या माहीत असतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

उपचारानंतर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दाखवा. आणि घरी, अंघोळीनंतर, कुणीतरी अप्पांच्या टाचेपासून जांघेपर्यंत हात फिरवावा. वाटेत कातडीखाली निळसर-काळी पुटकुळी लागली, मुगाच्या दाण्याएवढी का असेना, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दुसरा पाय आणि बोटांच्या बेचक्याही बघा.

आता सोमवारी एकच काम करा. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथे जाऊन मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स मागा. प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत बसवलेला, काडेपेटीएवढाही नसलेला तुकडा असतो तो. लोक फक्त कागद घेऊन मुंबई गाठतात आणि ब्लॉकसाठी पुन्हा रावेरला फेरी मारतात. पुढच्या सगळ्या तपासण्या त्या मेणाच्या तुकड्यावर होणार आहेत. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं. स्लाइड्स डबीत घालून अंगावरच्या पिशवीत ठेवा. गाठीबद्दल सर्जन काय म्हणाले ते कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.